बेंजामिन टर्नर मुळातून वाचायचा तर: दोन मोफत अमेरिकन संग्रह

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर मुंबईतून काम करणाऱ्यांसाठी दोन संग्रह फार मोलाचे आहेत: अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या इतिहास विभागाचं संकेतस्थळ आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा डिजिटल साठा. दोन्ही फुकट आहेत आणि वाचायला खातंही उघडावं लागत नाही. बेंजामिन स्टर्लिंग टर्नर हा एकच माणूस घेऊन त्यांची परीक्षा केली, तर बळ आणि उणीव दोन्ही कळतात.

टर्नर १८२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मला आणि लहानपणीच अलाबामातल्या सेल्मा गावी नेला गेला. गुलाम असतानाच तो तिथलं हॉटेल आणि भाड्याच्या घोड्यांचा तबेला चालवायचा. १८६७ मध्ये तो डॅलस काउंटीचा कर वसूल करणारा अधिकारी झाला आणि १८७० मध्ये निवडून आला, तो अलाबामाचा पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी म्हणून. प्रचाराच्या खर्चासाठी त्याने घोडा विकला होता. १८७२ मध्ये दुसरा कृष्णवर्णीय उमेदवार, अलाबामातल्याच मोबिल शहरचा वृत्तपत्र संपादक फिलिप जोसेफ, अपक्ष उभा राहिला. मतं फुटली आणि टर्नर हरला. १८९४ मध्ये तो गरिबीत वारला.

एवढं सगळं प्रतिनिधिगृहाच्या चरित्रपानावर मिळतं, नीट आणि मोजक्या शब्दांत. पण त्या पानाची खरी किंमत तळटिपांत आहे. मजकूर वाचून टॅब बंद करणारा वाचक निम्मं काम सोडून जातो. भाषणाची तारीख, अधिवेशन आणि पान क्रमांक तिथे असतो. तो वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढच्या साठ्यात नुसतं नाव टाकून काही हाताला लागत नाही.

पुढचा साठा म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला ‘काँग्रेशनल ग्लोब’, १८३३ ते १८७३ या काळातलं संसदेचं छापील कार्यवृत्त. टर्नरची मुदत मार्च १८७१ ते मार्च १८७३, म्हणजे तो पूर्ण यातच सापडतो. इथे बहुतेकजण एक चूक करतात: मुख्य कार्यवृत्तात शोधतात आणि ‘टर्नर बोललाच नाही’ म्हणून परत फिरतात. त्याची महत्त्वाची भाषणं परिशिष्टात छापली आहेत, आणि परिशिष्टाचे पान क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे तळटिपेत ‘परिशिष्ट’ असेल तर मुख्य भागातलं त्याच आकड्याचं पान उघडून उपयोग नाही. बेचाळिसावी काँग्रेस (म्हणजे संसदेची दोन वर्षांची मुदत), दुसरं अधिवेशन, १८७२ एवढं धरून थेट परिशिष्ट उघडावं.

छपाई बारीक, तीन स्तंभांत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात असे स्तंभ एकमेकांत मिसळतात आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द शोधात येत नाहीत. म्हणून पानाचं चित्रच मोठं करून वाचावं. मोबाइलवर हे जिकिरीचं होतं, लॅपटॉप हवा. उतारा घेताना यंत्राचा मजकूर जसाच्या तसा चिकटवू नये, आकडे तर मुळीच नाही. जुन्या छपाईत ३ आणि ८ यांची गल्लत सहज होते.

हा खटाटोप कशासाठी, तर कापूस-कराच्या भाषणासाठी. युद्धाच्या काळात बसवलेला हा कर १८६६ मध्ये पौंडाला तीन सेंट झाला आणि १८६८ मध्ये रद्द झाला. साडेचारशे पौंडांची गासडी धरली तर गासडीमागे साडेतेरा डॉलर! टर्नरची मागणी होती की दक्षिणेकडून वसूल केलेला हा पैसा परत करावा, कारण त्याचा भार शेवटी कापूस पिकवणाऱ्या गरिबावर पडतो, आणि त्यातले बहुतेक कालपर्यंतचे गुलाम. कर वसूल करणारा अधिकारी राहिलेला, धंदा केलेला माणूस हे बोलतो आहे, आणि ते भाषणात जाणवतं. चरित्रपानावरच्या दोन ओळींत हे वजन येत नाही. भूमिहीनांना सरकारने जमीन घेऊन विकत द्यावी हा त्याचा प्रस्तावही याच दृष्टीने वाचावा.

मुंबईच्या वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. एप्रिल १८६५ मध्ये सेल्मा उत्तरेच्या फौजेच्या हाती पडलं, शस्त्रांचे कारखाने उद्ध्वस्त झाले. त्याच महिन्यात दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, कापसाचा भाव कोसळला आणि जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार बुडाला. युद्धामुळे अमेरिकन कापूस अडकल्याने इथे आलेला पैसा गेला, बॅक बेचा समुद्र भरून जमीन करायला निघालेल्या कंपन्या गेल्या. टर्नरचा कापूस-कर आणि आपल्याकडचा तो बुडीत काळ शेजारी ठेवून मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या वर्गात शिकवला, तर दोन्ही विषय नीट उलगडतील.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचंच ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ पाहावं. राज्य अलाबामा, वर्षं १८७० ते १८७२ अशी गाळणी लावावी आणि ‘बेन टर्नर’, ‘बी. एस. टर्नर’ ही दोन्ही रूपं ‘सेल्मा’सोबत इंग्रजीत टाकावीत. नुसतं ‘टर्नर’ टाकलं तर खोऱ्याने भलतेच लोक येतात. त्या काळचे संपादक उघडपणे पक्षाचे असत, तेव्हा टर्नरवरची बातमी वाचण्याआधी पत्र रिपब्लिकन की डेमोक्रॅट हे पाहून घ्यावं.