दारू सोडायच्या तीन गोळ्या, स्वतः घेऊन पाहिलेल्या

मी डॉक्टर नाही, मुद्रितशोधन करते. दारू सोडून सव्वादोन वर्षं होतील. मध्ये अकरा दिवस आणि एक अर्धा ग्लास असा हिशेब आहे. तो लपवत नाही, लपवाछपवी आधीच भरपूर करून झालीय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद करून घरी बसू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. माझे पहिले सहा दिवस दवाखान्यातच गेले. थरथर, घाम आणि रोज थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन. या तीन गोळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिली डायसल्फिराम. ही तलफ वगैरे काही कमी करत नाही, नुसता धाक दाखवते. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन तयार होतं. एरवी त्याचा लगेच निकाल लागतो, ही गोळी पोटात असली की ते साचत जातं. मग चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, आणि जास्त प्यायलं तर प्रकरण गंभीर. १९४०च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक हे जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवरच आजमावत होते. दारू घेतल्यावर त्यांची अवस्था झाली, तेव्हा हा गुण लक्षात आला.

धाकटी बहीण रोज सकाळी समोर उभी राहायची. "ताई, जीभ वर कर." मी गोळी गालात ठेवून नंतर बेसिनमध्ये थुंकते हे तिला चौथ्या दिवशी कळलं. पाचव्या दिवसापासून गोळी पाण्यात विरघळवून, ग्लास रिकामा होईपर्यंत ती हलायची नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. एकदा घोट घेतला की दिवसभराचा वाद मिटला. संध्याकाळी सात वाजता स्वतःशी घासाघीस करायला काही उरायचंच नाही. (चोरून जेवणात मिसळून देणाऱ्यांनी मात्र हे कौतुक वाचू नये. ज्याला माहीत नाही तो पिणार, आणि मग काय होईल याची जबाबदारी तुमची.) एकदा साध्या माउथवॉशने चूळ भरली आणि कान तापले, मान लाल झाली. त्यात अल्कोहोल होतं. तेव्हापासून खोकल्याच्या औषधाचंही लेबल वाचते.

पण धाकाला पळवाट असते. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत धोका राहतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बहीण गावाला गेली आणि मी त्या चौदा दिवसांवर कॅलेंडरमध्ये फुल्या मारत बसले. पंधराव्या दिवशी प्यायले. ते अकरा दिवस तिथले.

दुसरी अ‍ॅकॅम्प्रोसेट. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन, दिवसातून तीनदा. लिव्हरवर भार नाही, किडनी मात्र ठीक हवी. झोप थोडी सुधारली, पोट बिघडलं. दुपारच्या दोन रोज विसरायचे. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या एकीला हिनेच तारलं, पण माझ्यासारख्या विसरभोळीचं हे काम नाही.

तिसरी नाल्ट्रेक्सोन, आणि ही अजून चालू आहे. ५० मिलिग्रॅम, दिवसाला एक. सुरुवातीला आठवडाभर अर्धीच घेतली, तरी मळमळ आणि डोकेदुखी होतीच. दारूने मेंदूत जी सुखाची रसायनं सुटतात, त्यांची जागा ही आधीच अडवून बसते. वाचून विश्वास बसला नव्हता. चौथ्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात कुणीतरी ग्लास हातात दिला आणि मी घेतला. चव तीच, घसा तसाच जळला, डोकंही जरा हलकं झालं. पण पहिल्या दोन घोटांनंतर आतून "आण अजून" म्हणणारं जे कुणी असतं, ते काही बोललंच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, ग्लास अर्धा टेबलावरच राहिला. दारू अर्धी टाकून मी आयुष्यात उठले नव्हते. मी उठून बसले आणि रडले.

म्हणून कुणी "गोळी घेतलीय, आता चालतंय" असं समजू नये. नशा चढतेच, गाडी चालवण्याच्या लायकीचे आपण राहत नाही. आणि ज्या संध्याकाळी पिण्याचं कारण सुख नसून भांडण असतं, तेव्हा ही गोळी गप्प बसते. त्यासाठी समुपदेशक आहे, तिच्याकडे अजून जाते.

गैरसोय म्हणाल तर लिव्हरची तपासणी सुरू करण्याआधी आणि अधूनमधून. आणि दाढ काढली तेव्हाची फजिती. मी गोळीचं सांगायला विसरले, डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं. अफूच्या जातीची वेदनाशामकं नाल्ट्रेक्सोन चालू देत नाही, त्यामुळे रात्रभर गाल धरून येरझाऱ्या. अशी औषधं आधीपासून चालू असतील तर हिच्या वाटेला जाऊच नका, डॉक्टरांना आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी बहिणीने पर्समध्ये ठेवायला एक चिठ्ठी लिहून दिली: 'ही नाल्ट्रेक्षोन घेते.' क्स चुकलाय. दुरुस्त केलेला नाही.