‘आत्मिक आच्छादना’खाली गेलेली सहा वर्षे

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकाविरुद्ध (धर्मगुरूविरुद्ध) बोलणे म्हणजे प्रभूविरुद्ध बोलणे, असे माझ्या मनावर सहा वर्षे बिंबवले गेले, त्यामुळे हा अनुभव लिहायला मी बराच काळ धजावत नव्हते. माझी श्रद्धा आजही शाबूत आहे, आणि ज्यांची आहे त्यांनी सावध व्हावे म्हणूनच हे लिहीत आहे.

वडिलांच्या निधनाने खचलेली असताना मी त्या मंडळीत गेले. तेथील लोकांनी मला घरच्यासारखे जवळ केले, पाळक रोज विचारपूस करत, आणि ती आपुलकी खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. परंतु नोकरी बदलण्यापूर्वी ‘प्रार्थनेसाठी कळवावे’ ही अपेक्षा हळूहळू परवानगीत बदलली, आणि पुढे सुटीत कोणाकडे जायचे, लग्नाचे बोलणे कोणाशी करायचे, हेही पाळकच ठरवू लागले. याला ‘आत्मिक आच्छादन’ म्हणत. त्यातून बाहेर पडणारा सैतानाच्या हाती सापडतो, अशी शिकवण होती. ही शिकवण नवी नव्हती, हे मला फार उशिरा कळले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील ‘शेफर्डिंग’ चळवळीत माणसे असेच वैयक्तिक निर्णय आपल्या ‘मेंढपाळा’वर सोपवत, आणि त्या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९९०च्या सुमारास त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

दर आठवड्याला गटप्रमुखापुढे पापकबुली द्यावी लागे. बायबलमधील याकोबाच्या पत्रात आपली पापे ‘एकमेकांजवळ’ कबूल करण्यास सांगितले आहे, आमच्याकडे मात्र कबुली नेहमी खालून वर जाई आणि वरून खाली कधीच येत नसे. मी रडत रडत सांगितलेली एक गोष्ट तीन महिन्यांनी प्रवचनात आली. नाव घेतले नव्हते, पण मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला कळेल इतके तपशील होते. तो माझ्या भल्यासाठी केलेला बोध होता, असे मला सांगण्यात आले, आणि मी ते मान्यही केले.

दशमांशाव्यतिरिक्त, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याव्यतिरिक्त, इमारत निधीसाठी मी माझी बहुतेक बचत दिली होती. त्या निधीचा हिशेब विचारला, तेव्हा माझ्यात ‘बंडखोर आत्मा’ असल्याचे पाळकांनी ठरवले आणि देवाच्या अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्याला) हात न लावण्याविषयीचे बायबलमधील वचन ऐकवले. ते वचन ज्यात आहे ते स्तोत्र १०५ त्या रात्री मी प्रथमच पूर्ण वाचले. तेथे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे मूठभर लोक परक्या देशांतून भटकत आहेत, आणि देव त्यांच्यासाठी राजांना दटावतो आहे. म्हणजे दुर्बलांना बलवानांपासून वाचवणारे ते वचन आमच्याकडे नेमके उलट्या कामाला लावले होते. यरुशलेमसाठी जमवलेल्या दानाबाबत कोणी दोष देऊ नये म्हणून प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता. मग आमच्या पाळकांना साधा ताळेबंद दाखवण्यात अपमान का वाटावा, याचे उत्तर मला कधीच मिळाले नाही.

मी बाहेर पडले, तेव्हा मैत्रिणींना माझ्याशी बोलण्यास मनाई झाली.

आता कोणत्याही मंडळीत गेले की वडीलजनांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, नेमणूक कोण करतो आणि ते पाळकाला पदावरून दूर करू शकतात का, हे मी आधी विचारते. पाळकाला ‘नाही’ म्हणूनही मानाने टिकून राहिलेली एखादी व्यक्ती तेथे आहे का, आणि सोडून गेलेल्यांविषयी लोक कसे बोलतात, हेही पाहते. माझ्या अनुभवात सिद्धांतांच्या शुद्धतेपेक्षा यातूनच अधिक कळते.

तुम्ही आज अशा मंडळीत अडकला असाल, तर दानाच्या पावत्या आणि आलेले संदेश जपून ठेवा, बाहेर पडण्याचा विचार आधी आत कोणाला सांगू नका, आणि मंडळीशी संबंध नसलेल्या एका तरी विश्वासू व्यक्तीशी बोला. मारहाण किंवा मुलांशी गैरवर्तन झाले असेल, तर ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ असे कोणीही म्हणाले तरी थांबू नका, थेट पोलिसांकडे जा.