जुन्या नाशकातलं काष्ठौषधीचं दुकान: मुळं घ्या, पावडरी राहू द्या

घरी तेल, क्रीम, उटणं करणाऱ्यांना जुन्या नाशकाच्या बाजारपेठेतलं हे दुकान उपयोगी आहे, पण इथला सगळाच माल डोळे मिटून उचलावा असा नाही.

मंजिष्ठा उत्तम. काड्या मोडल्या की आतून लालसर निघतात, मातीही कमी. तिचा रंग पर्प्युरिन, मंजिस्टिन या अँथ्राक्विनोन वर्गातल्या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि तो आम्लात पिवळट-नारिंगी, अल्कलीत लाल-जांभळा होतो. अल्कलीयुक्त साबण गुलाबी आला आणि सायट्रिक आम्ल घातलेली क्रीम पिवळट झाली, तर माल खोटा म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

तेलासाठी १०० मिली तिळाच्या तेलात मंजिष्ठेची १० ग्रॅम सुकी भरड घाला. भांडं गरम पाण्यात ठेवून तेल ६०-७० अंशांवर दोन-तीन तास राहू द्या. झाकण लावायचं नाही. झाकण असलं की वाफ परत तेलात उतरते, तळाशी पाण्याचे थेंब साचतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. शेवटी दुहेरी मलमलीतून गाळा.

ज्येष्ठमधाचं मूळही चांगलं: सालीखाली पिवळं, तंतुमय, चघळल्यावर गोडी रेंगाळते. मात्र ‘काढा करून क्रीममध्ये घाला’ हा गल्ल्यावर मिळणारा सल्ला अर्धाच खरा. काढ्यात गोड ग्लायसिरायझिन उतरतं. डागांसाठी ज्याचा बोलबाला आहे ते ग्लॅब्रिडिन त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं, पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं आणि ते इथे मिळत नाही. पॉलिशवाल्यांचं स्पिरिट मात्र चुकूनही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं.

आवळा पावडर घेऊ नका. रंग करडा आहे. आवळ्यातल्या टॅनिनला लोखंड भेटलं की काळपटपणा येतो, आणि दळण लोखंडी यंत्रातलं असावं असं दिसतं. केसांना चालेल, क्रीम मात्र राखेसारखी दिसेल. सुकी आवळकाठी घेऊन घरच्या स्टीलच्या मिक्सरमध्ये दळा आणि वस्त्रगाळ करा.

द्राक्षांच्या नाशकात द्राक्षबियांचं तेल असणारच. त्यात सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल असतं. त्वचेवर ते हलकं लागतं, पण हवा-उजेडाने लवकर खवट होतं. इथे पारदर्शक बाटल्या काचेच्या कपाटात उन्हासमोर मांडल्या आहेत! मागून, खोक्यातली बाटली मागा. घरी तपकिरी बाटलीत भरून ०.५ टक्का व्हिटॅमिन ई घाला.

व्हिटॅमिन ई तेलाला जपतं. जंतू मारत नाही. म्हणून इथला ‘केमिकल-फ्री’ कोरफड जेल साफ नाकारावा. पाणी आणि वनस्पतीतली साखर एकत्र, वर परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारा घटक) नाही. उघडल्यावर फ्रीजबाहेर तो टिकणं अवघड. परिरक्षक म्हणून ०.५ टक्का सोडियम बेंझोएट घालता येतं, पण पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या खाली असेल तरच ते काम करतं. त्यासाठी सायट्रिक आम्ल चिमटी-चिमटीने घालून पीएच पट्टीवर तपासा. कोरफडीची पात घरचीच वापरायची तर कापून १५ मिनिटं उभी ठेवा, पिवळा चीक निथळू द्या; त्यातल्या अ‍ॅलोइनने खाज सुटते.