२० एचपीची आयई३ मोटर: जुन्या आयई१च्या जागी बसवण्याआधी

१५ किलोवॅट, ४ पोल, १६०एल फ्रेम (मोटरच्या बांध्याचं ठरावीक माप), फूट माउंटेड म्हणजे पायांवर बसणारी. पंप, ब्लोअर, कन्व्हेयर, सगळीकडे दिसणारी मोटर. आयई१, आयई२, आयई३ हे मोटरच्या एफिशियन्सीचे वर्ग; आकडा मोठा तितकी वीज कमी वाया जाते. दोन-तीन शिफ्ट चालणार असेल तर आयई३च घ्या. दिवसाला तासभर चालणाऱ्या होइस्टवर जास्तीचे पैसे लवकर वसूल होत नाहीत.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या तक्त्यात ५० हर्ट्झला या मोटरची किमान एफिशियन्सी आयई१ला ८८.७ टक्के, आयई२ला ९०.६ आणि आयई३ला ९२.१ आहे. फरक किरकोळ वाटतो, पण फुल लोडवर आयई१ १६.९ किलोवॅट ओढते, आयई३ १६.३. वर्षाला ६,००० तासांत साधारण ३,७०० युनिट वाचतात. ८ रुपये दर धरला तर तीस हजारांच्या घरात. आयई२ काढून आयई३ लावली तर १,६०० युनिटच वाचतात. म्हणून धडधाकट आयई२ उतरवू नका, ती जळेल तेव्हा बघा.

सेंट्रिफ्युगल पंपावर मात्र ही बचत हातची निसटते. आयई३ची स्लिप कमी असते, म्हणजे ती सिंक्रोनस वेगाच्या (इथे १५०० आरपीएम) जास्त जवळ फिरते. जुनी १४५५ आरपीएमला फिरत असेल आणि नवी १४७०ला फिरली, तर पंपाची पॉवर वेगाच्या घनाने, म्हणजे ३ टक्क्यांनी वाढते. पाणी जास्त येतं, ते नको म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह आवळतो, आणि बिल होतं तिथेच राहतं. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) ट्रिम करून, म्हणजे त्याचा व्यास थोडा कमी करून घ्या. ब्लोअर बेल्टवर असेल तर मोटरची २०० मिमीची पुली १९८ची करा. हे काम मोटरच्या ऑर्डरबरोबरच सांगून ठेवा, नंतर कुणी करत नाही.

स्टार्टिंग करंटही जास्त, फुल लोडच्या सातपट किंवा वर. जुना एमसीसीबी (मोटरच्या लाइनवरचा सर्किट ब्रेकर) स्टार्टलाच ट्रिप झाला तर मोटरला दोष देण्याआधी त्याचं मॅग्नेटिक सेटिंग, म्हणजे किती करंटला तो तत्काळ तुटतो, ते तपासा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण, मेन कॉन्टॅक्टरखाली असेल तर तिथून लाइन करंटचा तेवढाच भाग जातो, म्हणून नेमप्लेटच्या करंटला ०.५८ने गुणून लावा: २७ अँपिअरला १५.७. रिले २७वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत ट्रिप होणार नाही.

काउलवरच्या (पंख्याच्या झाकणावरच्या) स्टिकरवर जाऊ नका. नेमप्लेटवर आयई३, एफिशियन्सीचा आकडा आणि आयएस १२६१५ (अशा मोटरचं भारतीय मानक) आहे का ते वाचा. रिवाइंडिंगवाल्यालाही बजावून ठेवा: जुनी कॉइल टॉर्चने जाळून काढली की स्टॅम्पिंगमधलं (कोअरच्या पातळ पत्र्यांमधलं) इन्सुलेशन जातं, कोअर लॉस म्हणजे लोखंडात उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाढते, आणि नेमप्लेटवर आयई३ तसंच राहतं.