गूगल सर्च कन्सोल: पान नेमके कुठे अडले आहे, हे सांगणारी सेवा

आजी दळताना म्हणत असे त्या ओव्या आईने दोन वह्यांत उतरवून ठेवल्या होत्या. त्या टाइप करून मी गेल्या वर्षी एक छोटे संकेतस्थळ सुरू केले. पण दीड महिना उलटला तरी त्यातली एकही ओवी गूगलवर सापडेना. तेव्हा मी गूगल सर्च कन्सोल ही मोफत सेवा वापरायला घेतली. 2015 पर्यंत तिचे नाव वेबमास्टर टूल्स असे होते.

आधी संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी मी डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, डीएनएस नोंदींत (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदींत) गूगलने दिलेली एक ओळ टाकली. त्यानंतर सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत एका ओवीच्या पानाचा पत्ता चिकटवला आणि क्षणभरात उत्तर मिळाले: पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’, ही सूचना आहे. काम चालू असताना शोधयंत्रांनी अर्धवट पाने उचलू नयेत म्हणून संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने घातलेली ती ओळ काढायची राहून गेली होती. दीड महिना मी मजकुरात दोष शोधत होते आणि दोष एका ओळीत होता.

या सेवेचे खरे मोल मला इथेच वाटते. पानाचा पत्ता कळणे, गूगलबॉटने (पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामने) ते पान वाचणे आणि वाचलेले पान अनुक्रमणिकेत, म्हणजे शोधात दाखवता येणाऱ्या पानांच्या साठ्यात, घेणे या तीन वेगळ्या पायऱ्या असून, पान त्यांपैकी कोणत्या पायरीवर थांबले आहे हे ती स्पष्ट दाखवते. नोइंडेक्स काढून साइटमॅप (संकेतस्थळावरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिल्यावर माझी बरीच पाने ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ या गटात आली, म्हणजे पत्ता कळला होता, वाचन झाले नव्हते. गूगलबॉट मुख्यतः एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो, आणि माझ्या ओव्यांपर्यंत पोहोचण्याची वाट फक्त संकेतस्थळावरच्या शोधचौकटीतून होती, जिच्यात तो काही टाइप करत नाही. मी माहेर, भाऊ, पंढरीची वारी अशी विषयवार यादी करून प्रत्येक ओवीला दुवा दिला आणि पाने हळूहळू वाचली जाऊ लागली. जी वाचूनही घेतली गेली नाहीत त्यांत दोन ओळींची एकेक ओवी होती. ती एकत्र करून शब्दार्थ जोडल्यावर त्यांतलीही बहुतेक आली.

पान अनुक्रमणिकेत घेण्याची विनंती करणाऱ्या ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ या बटणावर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्याला रोजची मर्यादा आहे, तीच विनंती पुन्हा पुन्हा करून वेग वाढत नाही, आणि काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, शिवाय पान घेतले जाईलच अशी हमी नाही, हे गूगल स्वतःच सांगते. देवनागरी पत्ते ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: असा पत्ता कॉपी केला की एकट्या ‘म’ची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात, आणि अशा लांबलचक पत्त्यांच्या यादीत हवे ते पान डोळ्यांनी शोधणे कठीण जाते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने 2021 मध्ये यांडेक्स या रशियन शोधयंत्रासह सुरू केलेल्या इंडेक्सनाउ या पद्धतीत नव्या पानाची वर्दी थेट शोधयंत्राला देता येते. गूगल त्यात सहभागी नसल्याने तिथे साइटमॅप आणि दुवे यांवरच भर द्यावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ मी सर्च कन्सोलच्या कामगिरीच्या अहवालात घालवते. त्यात गेल्या 16 महिन्यांची माहिती मिळते, म्हणून जुनी माहिती वेळीच उतरवून घ्यावी. लोक कोणते शब्द टाइप करून पानापर्यंत आले हे तिथे दिसते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ‘जात्यावरच्या ओव्या’ हे शब्द रोमन लिपीत लिहिलेले आहेत. आईच्या वहीतल्या प्रत्येक ओवीची पहिली ओळ विषयवार यादीत रोमन लिपीतही देण्याचे काम मी सध्या करत आहे.