बिजागरी कानावर की गळ्यावर? फुंकलेल्या काचेचा झाकणवाला जग करायला घेण्याआधी

जग करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा काचेपासून सुरुवात करतो. पोट किती फुगीर ठेवायचं, रंग कुठला, चोच किती ओढायची. झाकणाचं ‘नंतर बघू’ होतं. मीही तसंच केलं होतं. चांगले दिसणारे पाच जग हातात आले आणि एकालाही झाकण नीट बसेना. तेव्हापासून मी उलटा जातो: बिजागरी कुठे धरायची ते आधी ठरवतो आणि काच त्याला साजेशी फुंकून घेतो. कारण या एका निर्णयावर बाकीचे चार निर्णय आपोआप ठरतात: जग मोकळा फुंकायचा की साच्यात, चोच काचेची की धातूची, धातू कुठला, आणि जोडायचं कशाने.

बिजागरी धरायला दोन सरळ जागा आहेत. एक काचेचा कान, म्हणजे जग धरायची मूठ, दुसरी जगाचा गळा. तिसरीही एक आहे, तिच्याकडे पुढे येतो.

कानावर बांधलेली बिजागरी

जर्मन बिअरच्या झाकणवाल्या मगावर ही पद्धत सगळ्यांनी पाहिलेली असते. कानाच्या वरच्या वळणाला धातूचा पट्टा गुंडाळलेला, त्यावर बिजागरीच्या नळ्या, नळ्यांतून पिन, आणि अंगठ्याने दाबायची कळ. झाकण काठावर नुसतं टेकतं, काठाला कशानेही जोडलेलं नसतं.

मोठा फायदा असा की काठ गोल नसला तरी चालतं. आणि मोकळ्या फुंकलेल्या जगाचा काठ गोल नसतोच. डोळ्यांना गोल दिसणाऱ्या एका जगाचा काठ मी व्हर्निअरने चार दिशांनी मोजला: ८६.४, ८७.१, ८६.० आणि ८७.६ मिलिमीटर. चोच ओढण्यासाठी काठ पुन्हा तापवला की तो आणखी हलतो. अशा काठाभोवती अचूक गोल कडं बसवायला गेलात तर एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला दाब. कानावरच्या बिजागरीला याचं सोयरसुतक नाही. जग कागदावर पालथा घालायचा, काठाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्याच आकाराचं, दोन मिलिमीटर जास्तीचं झाकण कापायचं. चोचीवर जीभ ठेवायची की चोच उघडी सोडायची, तेही तिथेच ठरवता येतं.

किंमत अशी मोजावी लागते की प्रत्येक झाकण एकाच जगाचं होतं. दहा जग, दहा कागद, दहा झाकणं. झाकण हरवलं तर दुसऱ्या जगाचं चढत नाही.

खरी कसोटी कानाची लागते. वितळलेल्या काचेचा गोळा जगाच्या अंगावर चिकटवायचा, ओढायचा, वळवायचा आणि दुसरं टोक दाबून बसवायचं, हे सगळं काही सेकंदांत. काच एकदा आवळली की दुरुस्ती नाही. बिजागरीसाठी त्याच सेकंदांत आणखी दोन गोष्टी साधाव्या लागतात: कानाचं वरचं वळण काठाच्या पातळीपर्यंत यायला हवं, आणि वर पट्टा टेकायला थोडा सपाट भाग हवा. कान काठाच्या तीन सेंटिमीटर खाली राहिला तर बिजागरीला लांब दांडा द्यावा लागतो आणि झाकण डुगडुगतं. फुंकणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही, तर तो नेहमीसारखा सुबक, खाली झुकलेला कान करून देईल. त्यात त्याची चूक नाही.

आणखी एक. काच थंड करण्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी ठेवावा लागतो. जगाची भिंत ५ मिलिमीटर आणि कानाचं मूळ १५ मिलिमीटर असेल, तर त्या मुळाला भिंतीपेक्षा नऊपट सावकाश थंड करायला हवं. भट्टीचं वेळापत्रक भिंतीकडे बघून लावलं की जग वरून ठणठणीत दिसतो, पण कानाच्या मुळाशी ताण अडकून राहतो, आणि आपण नेमके तिथेच झाकण उघडण्याचे धक्के देणार असतो. तपासणी घरच्या घरी होते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडायचं, जग समोर धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. गॉगल फिरवत पडदा काळा होईपर्यंत न्यायचा. ताण असेल तिथे काच उजळते, जास्त असेल तर रंगीत पट्टे दिसतात. कानाच्या मुळाशी असे पट्टे असले तर जग परत भट्टीत. त्यावर बिजागरी चढवू नका.

गळपट्टी

इथे गळ्याभोवती धातूचं कडं आणि कड्यालाच बिजागरी. दिसायला नेटकं, झाकण बरोबर बसतं, कानावर भार नाही. एका मापाची झाकणं एकगठ्ठा करून ठेवता येतात आणि मोडलं तर बदलता येतात.

पण यासाठी गळा गोल आणि एकसारखा हवा, म्हणजे साचा आला. भिजवलेल्या लाकडाच्या साच्यात काच फिरवत फुंकली तर वाफेच्या थरावर ती सरकते आणि सांध्याची रेघ उमटत नाही. मोजक्या नगांसाठी हे छान. लाकूड मात्र दर वेळी थोडं जळतं आणि माप हळूहळू वाढत जातं. नग जास्त असतील तर ग्रॅफाइट किंवा बिडाचा साचा. माप ठरवताना काचेचं आक्रसणंही धरावं लागतं: ९० मिलिमीटरचा सोडा-लाइम काचेचा (नेहमीच्या बाटल्या-ग्लासांच्या काचेचा) गळा ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना साधारण ०.४ मिलिमीटरने लहान होतो. कडं आधी करून ठेवणाऱ्याला हा आकडा महागात पडतो.

आणि चोच? साच्यातून काढलेला गळा चोचीसाठी पुन्हा तापवला की गोलपणा गेला, साच्याचा खर्च पाण्यात. म्हणून गळपट्टी निवडली की चोच साच्यातच कोरून घ्यायची, नाहीतर धातूच्या कड्यालाच काढायची. काचेची हाताने ओढलेली धारदार चोच आवडत असेल, तर गळपट्टी तुमच्यासाठी नाही. धार लागून थेंब तुटण्यात हाताने ओढलेल्या चोचीची बरोबरी धातूची घडीव चोच क्वचितच करते.

धातू आणि काच एकत्र तापतात तेव्हा

गळपट्टीचा कस इथे लागतो. एका अंशाला सोडा-लाइम काच दहा लाखांत साधारण ९ भागांनी वाढते, ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील १७, पितळ १९, कथलाचं मिश्रण प्यूटर २२च्या वर. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच, फक्त ३.३. आता ९० मिलिमीटर गळ्याचं गणित करा. ६० अंशांच्या फरकाला स्टीलचं कडं सोडा-लाइम काचेपेक्षा ०.०४ मिलिमीटरने जास्त हलतं, पितळेचं ०.०५ने, आणि बोरोसिलिकेटवरचं स्टील ०.०७ने. आकडे फुटकळ वाटतात, पण कडं काचेला घट्ट भिडलेलं असेल तर ही हालचाल जाणार कुठे? तापल्यावर कडं सैल होतं, ते निभावतं. थंड झाल्यावर ते आवळतं, आणि मध्ये एखादा कठीण कण असेल तर सगळा दाब त्या एका बिंदूवर येतो.

माझा पहिला गळपट्टीचा जग असाच गेला. पितळेचं कडं मी घट्ट बसवलं होतं, वर इपॉक्सी (वाळून कडक होणारा चिकट पदार्थ). रात्री फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी दार उघडलं तर जग उभाच होता. कान धरून उचलला आणि गळा कड्यासकट हातात आला, पोट जागेवर. कडं कापून पाहिलं, तर आत इपॉक्सीचा ज्वारीच्या दाण्याएवढा वाळलेला थेंब. तडा तिथूनच निघाला होता.

तेव्हापासून कडं आणि काच यांत सगळीकडून अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवतो आणि ती अन्नाला चालणाऱ्या सिलिकॉनने भरतो. ते मऊ राहतं, दोघांची हालचाल पचवतं आणि गरज पडली तर ब्लेडने कापून कडं काढता येतं. इपॉक्सी कठीण राहतं आणि गरम पाण्याच्या धुण्यात ढिलं पडतं. जुने कारागीर प्लास्टर ऑफ पॅरिस भरत. ते घट्ट होताना किंचित फुगून पकड घेतं. पण सांध्यात पाणी शिरलं की भुसभुशीत होतं. नुसत्या शोभेच्या जगाला ठीक, रोज धुतल्या जाणाऱ्याला नाही.

तिसरी वाट: गळा, चोच आणि कान सगळंच धातूचं

एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश क्लॅरेट जग, म्हणजे लाल वाइनचे जग पाहा. काच म्हणजे एक देखणी बाटली. वरचा गळा, चोच, झाकण आणि बहुतेकदा कानसुद्धा चांदीचा. काचवाल्याचं सगळ्यात अवघड काम, म्हणजे कान, त्याच्या डोक्यावरून उतरतं. ते सगळं सोनाराच्या किंवा तांबटाच्या माथी येतं. तुमच्याकडे धातूचा हात चांगला आणि काचेचा बेताचा असेल, तर ही वाट सोपी. उलट असेल तर तिच्या नादी लागू नका.

काच

यावर फार वेळ घालवत नाही. थंड पेयांना सोडा-लाइम पुरे. ती भट्टीतून काढून फुंकायला सोपी. गरम ओतायचं असेल तर बोरोसिलिकेट, पण छोट्या कार्यशाळेत ती बहुधा तयार नळीपासून ऑक्सिजनच्या ज्योतीवर घडवतात, त्यामुळे जगाचा बाज वेगळा येतो: पातळ, प्रयोगशाळेतल्या भांड्यासारखा. बोरोसिलिकेटच्या जगाला सोडा-लाइमचा कान लावायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तो तिथेच थांबवा. थंड होताना कान तडकून सुटतो. शिशाचं क्रिस्टल झळकतं खरं, पण आंबट पेय त्यात साठवलं तर शिसं उतरतं. झाकण असलेल्या जगात पेय साठवलंच जातं, म्हणून मी ते बादच धरतो.

धातू

झाकण रोज अंगठ्याने उचलायचं आहे, तेव्हा वजन आधी. ९५ मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची नुसती चकती पितळेत ६० ग्रॅमच्या आसपास जाते, स्टीलमध्ये ५६, ॲल्युमिनियममध्ये १९. प्यूटर मऊ, ते दीड मिलिमीटर तरी जाड घ्यावं लागतं, म्हणजे ७८ ग्रॅम. ॲल्युमिनियमचं झाकण हलकं असूनही मला नको वाटतं. बंद होताना त्याचा आवाज डब्यासारखा येतो.

पितळ घडवायला सुखाचं, पण लिंबाच्या सरबताची वाफ आणि थेंब आतून लागले की हिरवट कळंक धरतं. आतून कल्हई लागते आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. ३०४ स्टीलला ही कटकट नाही. मात्र घुमटी ठोकायला आणि बारीक नळ्या वळवायला ते हट्टी. प्यूटर घ्यायचं तर शिसं नसलेलंच. जुन्या भांड्यांचं वितळवून वापरू नका, त्यात शिसं असू शकतं.

कानावरच्या पट्ट्याला प्यूटर सोयीचं, कारण ते हाताने वळतं. सांधा मात्र ज्योतीने झाळायला जाऊ नका: प्यूटर २३०-२४० अंशांच्या आसपासच वितळतं आणि शेजारी काच असते. बिस्मथ आणि कथलाचं झाळण १३८ अंशांना वितळतं. जग आधी कोमट करून, छोट्या सोल्डरिंग आयर्नने तेवढ्यावर काम उरकतं. नाहीतर सरळ स्क्रूचा पट्टा आणि आत सिलिकॉनची पट्टी. दिसतं जरा कारखानी, पण काच सुखरूप राहते.

तर मग कुठली?

डझनभर जग करायचे असतील, काच हाताने मोकळी फुंकायची असेल आणि चोच काचेचीच हवी असेल, तर कानावरची बिजागरी. शंभर सारखे जग करायचे असतील तर साचा आणि गळपट्टी. साच्याचा खर्च तिथेच निघतो. फ्रिजमधून टेबलावर आणि टेबलावरून फ्रिजमध्ये जाणाऱ्या जगाला मी शक्य तोवर गळपट्टी टाळतो. फट चुकली तर पहिला फटका तिथेच बसतो. आणि पहिलाच जग असेल तर कानाची वाट धरा. झाकण बिघडलं तरी जग उरतो.

कुठलीही निवडा, झाकणाला उघडण्याचा अडसर द्या. ते ९० अंशांच्या थोडं पुढे, ओतताना तोंडावर न पडता मागे टेकून राहील इतपत उघडावं. अडसर नसेल तर झाकण मागे कोसळतं आणि कानावर आपटतं. काठाशी भेटतं तिथे आतून सिलिकॉनचे तीन ठिपके पुरतात. पिन कायमची ठोकून बसवू नका. एका टोकाला डोकं ठेवा आणि दुसऱ्या टोकाला बारीक आटे पाडून टोपी लावा. बिजागरीच्या नळ्यांत साखरेचं पाणी जाऊन बसतं, आणि पिन निघाल्याशिवाय ते धुता येत नाही.