एक्सव्ही६: सेमिस्टरभराच्या वापरानंतर

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या कोर्ससोबत एक्सव्ही६ घ्यावं का? घ्यावं, पण सी मधले पॉइंटर पक्के असतील तरच. आणि विद्यापीठाच्या पेपरसाठी त्याच्यावर विसंबू नये. ते का, हे पुढे येईलच.

एक्सव्ही६ म्हणजे १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेलं छोटं कर्नल. एमआयटीने ते २००६ मध्ये शिकवण्यासाठीच लिहिलं. आधी ते एक्स८६ प्रोसेसरवर चालायचं, २०१९ पासून रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरवर आलं. हा फरक आधीच लक्षात घ्या. नेटवर मिळणारं बरंच साहित्य, आयआयटी मुंबईच्या कोर्सच्या नोट्ससकट, एक्स८६ आवृत्तीवरचं आहे. संकल्पना त्याच, पण पेज टेबल कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर नोट्समध्ये सीआर३ आणि समोरच्या कोडमध्ये सॅटप, असं झालं की नवखा माणूस तिथेच अडकतो.

इन्स्टॉल करायला क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम), रिस्क-फाइव्हसाठीचे जीसीसी आणि बायन्यूटिल्स (कंपायलर, लिंकर वगैरे), शिवाय जीडीबी-मल्टिआर्क हा डीबगर, एवढं पुरतं. उबुंटू २४.०४ वर विनातक्रार चालतं. २२.०४ वर क्यूईएमयू ६.२ मिळतं आणि एक्सव्ही६ चा ताजा कोड किमान ७.२ मागतो, त्यामुळे तिथे जुना कोड घ्या किंवा क्यूईएमयू स्वतः बिल्ड करा. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरावं आणि रेपो सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा. लॅपटॉप जुना असला तरी हरकत नाही, क्यूईएमयूमधल्या या मशीनला १२८ एमबी रॅम आणि ३ कोअर दिलेले असतात. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. चालू प्रोसेसची यादी हवी तर कंट्रोल-पी.

पहिलं काम बहुतेक ठिकाणी नवा सिस्टिम कॉल घालण्याचं असतं. हात लावायच्या जागा पाच: यूजर.एच मध्ये प्रोटोटाइप, यूसिस.पीएल मध्ये एक ओळ, सिस्कॉल.एच मध्ये नंबर, सिस्कॉल.सी मधल्या टेबलात फंक्शनचं नाव आणि सिसप्रॉक.सी मध्ये प्रत्यक्ष काम. मूळ कॉल २१ आहेत, म्हणजे तुमचा २२ वा. कुठे चुकलं ते एररच सांगतो. यूसिस.पीएल राहिली तर लिंकर ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणतो. टेबल राहिलं तर बिल्ड गुपचूप होतं आणि चालवल्यावर ‘अननोन सिस कॉल २२’ येतो. चाचणीचा प्रोग्रॅम मेकफाइलच्या यूप्रॉग्ज यादीत घातला नाही, तर शेलला तो सापडतच नाही.

एरर वाचायची सवय इथे लागते, आणि सगळ्यात टिकाऊ फायदा हाच. ‘अनएक्स्पेक्टेड एसकॉज’ आला की आकडा बघा, तो फॉल्टचं कारण सांगतो: १३ म्हणजे वाचताना पेज फॉल्ट, १५ म्हणजे लिहिताना. ते सोळा-आधारी छापले जातात, त्यामुळे पडद्यावर डी किंवा एफ दिसतं. एसटीव्हॅलमध्ये चुकीचा पत्ता असतो. एसईपीसी मधला (फॉल्ट झालेल्या सूचनेचा) पत्ता अ‍ॅड्रटूलाइनला दिला की फाइल आणि ओळ हातात. यूजर स्टॅक जेमतेम एका पानाचा, ४०९६ बाइटचा आहे. फंक्शनात ८ केबीचा अ‍ॅरे घेऊन त्यात लिहिलंत की प्रोसेस अशीच मरते आणि दोष उगाच कर्नलला दिला जातो.

खरा कस लागतो कॉपी-ऑन-राइटच्या (लिहायची वेळ येईपर्यंत पान कॉपी न करण्याच्या) लॅबमध्ये. मूळ फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस बनवणारा कॉल, पेरेंटचं प्रत्येक पान चाइल्डसाठी नव्याने उतरवून काढतो. इथे तेच पान दोघांच्या पेज टेबलात लावायचं, राइट बिट काढायचा आणि सॉफ्टवेअरसाठी मोकळ्या ठेवलेल्या दोन बिटांपैकी एकावर खूण करायची. ही खूण टाळता येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या कोडची पानं मुळातच रीड-ओन्ली असतात आणि खुणेशिवाय कर्नलला दोन्हीतला फरक कळणार नाही. कोणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो, तेव्हा पान कॉपी करायचं. प्रत्येक पानाचे वाटेकरी किती, हे मोजायला ३२,७६८ नोंदींचा अ‍ॅरे लागतो: १२८ एमबी भागिले ४ केबी.

अडतं ठरलेल्या ठिकाणी. बूट होताना फ्रीरेंज प्रत्येक पानावर केफ्री (पान मोकळं करणारं फंक्शन) चालवतं. वाटेकऱ्यांचा आकडा शून्यापासून सुरू केला आणि ‘शून्य झाला तरच मोकळं कर’ अशी अट घातली, तर तो उणे एक होतो आणि एकही पान मोकळ्या यादीत जात नाही. म्हणून आधी १ भरा. दुसरी जागा कॉपीआउट, कर्नलकडून यूजरच्या मेमरीत डेटा उतरवणारं फंक्शन. रीडसारख्या कॉलमध्ये कर्नल यूजरच्या पानात स्वतः लिहितं, तेव्हा यूजरचा पेज फॉल्ट होतच नाही. जुन्या कोडमध्ये यामुळे दुसऱ्या प्रोसेसचा डेटा बिघडतो, नव्यात राइट बिट नाही म्हणून कॉल उणे एक परत करतो. काउटेस्ट या लॅबच्या चाचणीतले ‘सिंपल’ आणि ‘थ्री’ पास झाले आणि ‘फाइल’ फेल झाला, तर सरळ कॉपीआउट उघडा. तिसरं, आकड्याभोवती लॉक नसेल तर एका कोअरवर सगळं हिरवं दिसतं आणि तीनवर कधीतरी फुटतं. शोधायला कोअर एक करा, पण सबमिट करण्याआधी यूजरटेस्ट्स (एक्सव्ही६ सोबतच्या चाचण्या) तीनवरच चालवा.

दोन प्रोसेस एकदम छापायला लागल्या की अक्षरांची खिचडी होते. तो बग नव्हे, यूजरकडचा प्रिंटएफ एकेक अक्षर राइट करतो.

फाइल सिस्टिमचा भाग सुटसुटीत आहे: १२ थेट ब्लॉक आणि इनडायरेक्टमधून २५६, मिळून २६८, म्हणजे फाइल जास्तीत जास्त २६८ केबीची. डबल-इनडायरेक्टसाठी एक थेट ब्लॉक द्यावा लागतो आणि मर्यादा ६५,८०३ ब्लॉकवर जाते. आयनोडची (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीची) रचना मेमरीतल्या आणि डिस्कवरच्या, दोन्ही स्ट्रक्टमध्ये बदला आणि मेक क्लीन करून इमेज नव्याने बनवा. जुनी इमेज राहिली तर विचित्र पॅनिक येतात.

आता पेपरचं. बँकर्स अल्गोरिदम, पेज रिप्लेसमेंटचा एलआरयू, एसजेएफ शेड्यूलिंग, गँट चार्ट, यातलं काहीही एक्सव्ही६ मध्ये नाही. शेड्यूलर साधा राउंड रॉबिन आहे, डिस्कवर स्वॅपिंग नाही, प्रायॉरिटी नाही. गणितं वेगळी सोडवावी लागतात, आणि लॅबचा आठवडा व युनिट टेस्टचा आठवडा एकच आला तर लॅब पुढे ढकललेली बरी.